एकाच जिवाची दोन नावं

कच्छच्या फील्डवर्कहून आणलेले न्युम्युलाइट नावाचे जीवाश्म मी पहिल्यांदा निवडले तेव्हा टेबलावर दोन ढीग झाले. एकात जुन्या रुपयाएवढ्या चकत्या, दुसऱ्यात मसुरासारखे दाणे. वहीत दोन जाती लिहून मी मोकळा झालो.

सरांनी काही न बोलता एक चकती स्पिरिटच्या दिव्यावर तापवली आणि थंड पाण्यात टाकली. तट्‌कन मधोमध दुभंगली. आत घट्ट वेटोळं, शेकडो कप्प्यांचं, आणि मध्यावरचा पहिला कप्पा इतका बारीक की भिंगाखालीही धड सापडेना. मग दाणा फोडला. त्याच्या मध्यावर मात्र टपोरा कप्पा. ‘‘जात एकच आहे रे. एक पिढी अशी, एक तशी.’’

मी काही पहिला नव्हतो. थोरल्या-धाकट्या जोड्या एकाच थरात सापडत आणि तज्ज्ञ त्यांना इमानेइतबारे दोन नावं देत. ही एकाच जातीची दोन रूपं आहेत, हे म्युनिए-शाल्मा याने १८८० मध्ये मांडलं. त्यामागे पिढ्यांची अदलाबदल आहे, हे पुढच्या दशकात लिस्टर आणि शाउडिन यांनी न्युम्युलाइटांच्या जिवंत भाऊबंदांवर, म्हणजे फोरामिनिफेरांवर, दाखवलं. पिरॅमिडांच्या दगडांतही असेच दाणे आहेत. मजुरांच्या उरलेल्या मसुरांचे दगड झाले, असं तिथे लोक सांगत. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने ते नोंदवून ठेवलं आहे.

खरी मोठी चूक मात्र फोरामिनिफेरांच्या शास्त्राच्या जनकाची. ला रोशेलजवळच्या किनाऱ्यावर वाढलेल्या आल्सीद दोर्बिन्यीने वाळूतले हे जीव हाताने मोठे करून चुनखडीत कोरले. असे शंभर नमुने केले आणि प्लास्टरमध्ये त्यांच्या प्रती काढल्या. १८२६ मध्ये त्याने ‘फोरामिनिफेर’ हे नाव दिलं आणि कप्पे एका रांगेत, वेटोळ्यात की आलटून पालटून, यावर वर्गवारी बसवली. नजर अशी, पण कप्पे पाहून तो त्यांना नॉटिलस या कप्पेदार शंखाच्या प्राण्याचे चिमुकले भाऊबंद समजला! १८३५ मध्ये द्युजार्दंने जिवंत प्राणी पाहिला. ना डोकं, ना सोंडा. नुसते वाहते चिकट धागे. नातं खोटं ठरलं, पण कप्प्यांच्या मांडणीवरून वर्णन करायची रीत टिकली. मीही तशीच वर्णनं लिहीत आलो.

उलटही होतं, दोन जातींना एकच नाव. पॅकिडर्मा नावाच्या समुद्री फोरामिनिफेराचं वेटोळं डावीकडे वळलं तर पाणी गार, उजवीकडे वळलं तर त्यामानाने उबदार, असं धरून हिमयुगांतल्या समुद्राचे अंदाज बांधले गेले. डीएनए तपासल्यावर कळलं, डावे-उजवे मुळात दोन जातींचे. २००६ मध्ये उजव्यांपैकी बहुतेकांना ‘इन्कॉम्प्टा’ म्हणायचं ठरलं.

माझ्या स्लाइडांवरची जातींची नावं त्या कच्छच्या ढिगांपासून पेन्सिलीतच आहेत.