ॲनिमेट सोडायचं की धरून राहायचं? हौशी ॲनिमेटरांसमोरचा हिशोब

फेब्रुवारी २०२६ च्या पहिल्या आठवड्यात ॲडोबी कंपनीने 'ॲनिमेट' हे सॉफ्टवेअर १ मार्चपासून बंद करणार असल्याचं जाहीर केलं. वापरणाऱ्यांनी जगभरातून एकच ओरड केली आणि दोन-तीन दिवसांतच कंपनीने पाऊल मागे घेतलं. सॉफ्टवेअर मिळत राहील, त्यातल्या चुका आणि सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त होत राहतील, पण नव्या सोयी येणार नाहीत, असा खुलासा झाला. घर पाडणार नाहीत, पण वर मजलाही चढवणार नाहीत. गळती लागली तर तेवढी बुजवतील.

मोठ्या स्टुडिओंकडे असल्या प्रसंगी माणसं असतात, पैसा असतो. खरी पंचाईत हौशी मंडळींची. दिवसा दुकान, बँक किंवा शाळा सांभाळायची आणि रात्री जेवणं आटोपल्यावर दोन तास संगणकासमोर बसायचं, अशांची. गणेशोत्सवात मंडळाच्या देखाव्याला जोडून दाखवायची दोन मिनिटांची कथा, मुलांसाठी एखादी गोष्ट, असं त्यांचं काम. आठवड्याला जेमतेम दहा-बारा तास मिळतात. नवं सॉफ्टवेअर हाताखाली यायला समजा साठ तास लागले, तर दीड महिना एकही चित्र पुढे सरकत नाही.

जुना अनुभव काय सांगतो

ॲनिमेटची वंशावळ १९९६ पर्यंत मागे जाते. तेव्हा 'फ्यूचरस्प्लॅश ॲनिमेटर' नावाचं छोटं सॉफ्टवेअर आलं. त्याच वर्षअखेरीला ते मॅक्रोमीडियाने विकत घेतलं आणि त्याचं 'फ्लॅश' झालं. २००५ मध्ये खुद्द मॅक्रोमीडियाच ॲडोबीकडे गेली. २०१६ पासून ते ॲनिमेट या नावाने मिळू लागलं. मधल्या काळात एका पिढीने इंटरनेटवरची पहिली कार्टूनं आणि खेळ फ्लॅशमध्येच पाहिले.

मग ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश प्लेअरचा पाठिंबा थांबला आणि पुढच्या महिन्यात १२ तारखेपासून त्या प्लेअरने जुन्या फिती चालवणंच बंद केलं. ज्यांनी आपलं काम व्हिडिओ करून ठेवलं होतं त्यांना फरक पडला नाही. ज्यांच्याकडे फक्त डॉट एसडब्ल्यूएफ फाइली होत्या, त्यांना स्वतःचीच फिल्म पाहता येईना. पुढे 'रफल' नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरने त्यातल्या पुष्कळ फिती पुन्हा चालत्या केल्या. इंटरनेट अर्काइव्हही त्याच्याच जोरावर जुनं फ्लॅश दाखवतं. पण ही सोय दुसऱ्या कोणीतरी केली म्हणून झाली.

आधी माल बाहेर काढा

त्यामुळे 'सगळ्यात चांगलं सॉफ्टवेअर कुठलं' या प्रश्नाच्या आधी एक काम आहे. आपली जुनी चित्रं, पात्रं आणि आवाज ॲनिमेटच्या बाहेर उघडतील अशा रूपात काढून ठेवणं. ॲनिमेट मासिक किंवा वार्षिक वर्गणीवर मिळतं. वर्गणी थांबली की सॉफ्टवेअर थांबतं, आणि डॉट एफएलए फाइल डिस्कवर असूनही उघडायची कशात हा प्रश्न उरतो.

वर्गणी चालू आहे तोवर प्रत्येक फिल्मचे चार भाग वेगळे ठेवावेत. पूर्ण फिल्म चांगल्या दर्जाच्या एमपी४ मध्ये. महत्त्वाचे प्रसंग पारदर्शक पार्श्वभूमीच्या पीएनजी चित्रमालिकेत. पात्रांचे सुटे भाग, म्हणजे डोकं, हात, डोळे, तोंडाचे आकार, एसव्हीजी रूपात. कारण हे आकार कितीही मोठे केले तरी फाटत नाहीत आणि जवळपास सगळीकडे उघडतात. आवाज मूळ वेव्ह फाइलींत. मूळ एफएलए फाइलीही टाकू नयेत. सीएस५ आवृत्तीपासूनची ही फाइल म्हणजे आतून एक झिप पुडकंच असतं, नाव बदलून उघडलं तर आतली चित्रं आणि एक्सएमएल मजकूर दिसतो. अगदीच अडलं तर त्याचा आधार असतो.

बाहेर निघत नाही ती हालचालीची रचना. ॲनिमेटमधली 'सिंबॉल'ची पद्धत, एकदा काढलेला हात दहा ठिकाणी वापरायचा आणि मूळ बदलला की दहाही बदलायचे, जशीच्या तशी दुसरीकडे जात नाही. 'ट्वीन', म्हणजे दोन टोकांच्या मधली हालचाल यंत्राने भरून देणं, तेही नव्या जागी पुन्हा बांधावं लागतं. दहा वर्षं वापरलेल्या माणसाला हेच जड जातं. चित्रकला आणि वेळेचा अंदाज मात्र बरोबर येतो. सेकंदाला २४ फ्रेम्स, एक चित्र दोन फ्रेम्स धरायचं म्हटलं तर मिनिटाला ७२० चित्रं, हे गणित कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तेच.

कुणाला कुठलं जमेल

इथे स्वतःच्या कामाची जात ओळखावी लागते. पात्राचे तुकडे करून कळसूत्री बाहुलीसारखे हलवणाऱ्याला एक सॉफ्टवेअर सोयीचं, तर फ्रेममागून फ्रेम हाताने काढणाऱ्याला दुसरं.

तुकड्यांच्या कामासाठी 'मोहो' हे जवळचं. पात्राच्या आत हाडांचा सांगाडा बसवायचा आणि हाड हलवलं की वरचं चित्र वळतं, ही त्याची ताकद. ते एकरकमी विकत घेता येतं, दरमहा वर्गणीची कटकट नाही. पैसे घालायचेच नसतील तर 'सिनफिग' फुकट आहे, त्यातही हाडं आहेत, पण त्याची रचना डोक्यात बसायला वेळ लागतो. 'टून बूम हार्मनी' व्यावसायिक स्टुडिओंत चालतं. ते उत्तमच आहे, फक्त एका वर्गणीतून सुटून दुसऱ्या वर्गणीत शिरायचं का, हे वर्षाला दोन फिती करणाऱ्याने आधी ठरवावं.

हाताने चित्रं काढणाऱ्यांसाठी 'ओपनटून्झ'. मूळ 'टून्झ' हे इटलीचं. जपानच्या स्टुडिओ जिबलीने 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) पासून ते वापरलं, आणि २०१६ च्या मार्चमध्ये जपानच्या ड्वांगो कंपनीने ते सर्वांसाठी खुलं केलं. कागदावर पेन्सिलीने काढून स्कॅन करणाऱ्यांना याच्याइतकी सोय क्वचितच मिळते. रेघ साफ होते, आणि रंगपेटीत एक रंग बदलला की सगळ्या फिल्मभर तो बदलतो. देवाच्या शेल्याचा केशरी रंग शेवटच्या दिवशी मंडळाला पसंत पडला नाही, तर ७२० चित्रं पुन्हा रंगवावी लागत नाहीत. मात्र पहिल्यांदा उघडल्यावर काही कळत नाही, हेही खरं. त्याचंच थोडं सोपं केलेलं रूप 'टाहोमा२डी' नावाने मिळतं. नवख्याने तिथून सुरुवात केलेली बरी.

'क्रिटा' रंगकामाला सुरेख, पण मोठ्या आकाराच्या फ्रेम्स वाढत गेल्या की संगणकाची मेमरी खाऊन टाकतं. 'पेन्सिल२डी' शाळकरी मुलांच्या हातात द्यायला चांगलं.

ब्लेंडरची गोष्ट

ब्लेंडर वेगळं काढून सांगायला हवं. नेदरलँड्समध्ये जन्मलेलं हे सॉफ्टवेअर २००२ मध्ये बंद पडायच्या बेतात होतं. तेव्हा वापरणाऱ्यांनी सात आठवड्यांत एक लाख युरो जमवून त्याचे हक्क सोडवले. तेव्हापासून ते मुक्त आहे. मूळचं त्रिमितीचं असलं तरी त्यातल्या 'ग्रीस पेन्सिल'मध्ये सपाट रेघांची चित्रंही काढता येतात.

लाटव्हियाचे दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांनी 'अवे' (२०१९) ही पहिली लांबीची फिल्म 'माया' सॉफ्टवेअरमध्ये एकट्याने केली. पुढच्या 'फ्लो'साठी ते ब्लेंडरकडे वळले. प्रकाश, पाणी, कॅमेरा जवळजवळ लगेच पडद्यावर दिसणं, हे त्यांना हवं होतं. एकही संवाद नसलेल्या या मांजराच्या फिल्मला मार्च २०२५ मध्ये ऑस्कर मिळालं. हौशी माणसाने यातून ऑस्करपेक्षा बदलाची वेळ पाहावी. एक फिल्म हातावेगळी झाली, मग सॉफ्टवेअर बदललं.

ब्लेंडरला ग्राफिक्स कार्ड बऱ्यापैकी लागतं. जुन्या लॅपटॉपवर नवी आवृत्ती उघडतही नाही. अशा वेळी त्यांच्याच संकेतस्थळावरून जुनी आवृत्ती उतरवून घेता येते.

देवनागरीची परीक्षा

जाहिरातीत कुठेच न सापडणारी अडचण म्हणजे आपली लिपी. अनेक परदेशी ॲनिमेशन सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाइप केलं की 'किल्ला'ची पहिली वेलांटी क च्या मागे जाऊन बसते, जोडाक्षर फुटतं. म्हणून नवं सॉफ्टवेअर उतरवल्यावर पहिल्या पाच मिनिटांत 'विद्यार्थी', 'शक्ती' आणि 'सुऱ्या' हे तीन शब्द टाइप करून बघावेत. सीमाभागात एकाच फितीत मराठी आणि कन्नड दोन्ही पाट्या लागतात. कन्नडचीही हीच चाचणी घ्यावी. अक्षरं मोडत असतील तर सॉफ्टवेअर टाकून द्यायची गरज नाही. शीर्षक 'इंकस्केप'मध्ये युनिकोड फाँटने लिहायचं, अक्षरांचं आकृतीत रूपांतर करायचं आणि एसव्हीजी म्हणून आत आणायचं. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' असलेला फाँट निवडावा, नाहीतर पाटी हिंदी वाटते.

संवादाला ओठ जुळवण्याचंही तसंच. 'रुबार्ब लिप सिंक' या फुकट साधनात दोन पद्धती आहेत. एक इंग्रजी शब्द ओळखून चालते, ती मराठीला निरुपयोगी. दुसरी नुसत्या ध्वनींवर चालते, ती निवडायची. तोंडाचे सहा मूळ आकार ती वेळेनुसार मांडून देते. नंतर प, ब, भ, म या अक्षरांपाशी ओठ मिटतात का, एवढं हाताने तपासलं तरी काम भागतं.

घाई कुणी करू नये

फिल्म अर्धी झालेली असेल तर ती ॲनिमेटमध्येच पुरी करावी. ते आजही चालतंय. जुन्या वर्गणीवर किती पैसे गेले, हा विचार मात्र या हिशोबात धरू नये. गेलेला पैसा दोन्ही बाजूंना सारखाच गेलेला आहे. पुढे जाणारे तास आणि रुपये तेवढे मोजावेत.

त्यासाठी दहा सेकंदांचा एक तुकडा पुरतो. आपलंच एक जुनं पात्र, चार पावलं चालणं, एक मराठी वाक्य, एक पाटी, आणि शेवटी व्हिडिओ. निवडलेल्या दोन सॉफ्टवेअरमध्ये तोच तुकडा करायचा आणि लागलेले तास वहीत लिहायचे. ॲनिमेटपेक्षा दुप्पट वेळ लागला तर हरकत नाही, नव्या हाताला तेवढा लागतोच. दुसऱ्यांदा केल्यावरही चौपट लागत असेल, तर ते बाजूला ठेवून दुसरं बघावं.