रणाहून परतलेल्यांची मुंबई

एकोणिसाव्या शतकापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत मुंबई हे फौजेचे बंदर होते. इराण, ॲबिसिनिया, मेसोपोटेमिया अशा मोहिमांची जहाजे येथून सुटली आणि वाचलेले शिपाई येथेच उतरले. रणात पडलेल्यांसाठी शहरात स्मारके झाली. कुलाब्याचे १८५८ सालचे अफगाण चर्च हे त्यांतले एक. मशीद बंदराजवळच्या खलाशी निवासात पहिल्या महायुद्धात समुद्राने गिळलेल्या दोन हजारांहून अधिक दर्यावर्दींची स्मृती जपलेली आहे. कोकणातल्या कितीतरी गावांत ‘या गावातून इतके पुरुष महायुद्धावर गेले’ अशा संगमरवरी पाट्या आहेत. जे जिवंत परतले आणि पुढे स्वतःच्या हाताने गेले, त्यांची नावे मात्र अशा दगडांवर आली नाहीत.

१८५६च्या नोव्हेंबरात मुंबईहून इराणच्या आखाताकडे मोहीम निघाली. फौजेचा प्रमुख मेजर जनरल फॉस्टर स्टॉकर होता आणि आरमारात कमोडोर रिचर्ड एथर्सी होता. डिसेंबरात बुशहर पडले. पुढे सर जेम्स औट्रमने सूत्रे घेतली आणि फेब्रुवारीत खुशाबची लढाईही जिंकली. असे असताना १४ मार्च १८५७ रोजी स्टॉकरने बुशहरच्या छावणीत आत्महत्या केली. तीनच दिवसांनी एथर्सीनेही तेच केले. उन्हाळा तोंडावर आला होता आणि शिपायांना निवारा कुठून द्यायचा, या काळजीने स्टॉकरला पोखरले होते. अंगावर पडलेला भार पेलवत नाही, ही धास्ती एथर्सीच्या रोजनिशीत उतरली होती. पॅरिसमध्ये ४ मार्चलाच तहावर सह्या झाल्या होत्या, पण ती बातमी आखातात पोहोचायला महिना लागला. दोघेही जिंकणाऱ्या बाजूचे होते, दोघांनाही मानमरातब होता. तरी मन खचायचे ते खचलेच. सेनापती असल्यामुळे त्यांची नोंद तरी राहिली. साध्या शिपायाच्या वाट्याला तेवढेही आले नाही. १८६०च्या भारतीय दंड संहितेने तर कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न हाच गुन्हा ठरवला. त्यामुळे वाचलेला माणूस डॉक्टरपुढे येण्याआधी पोलिसांपुढे उभा राहण्याची भीती होती, आणि घरच्यांनी गोष्ट दडपून टाकली तर त्यांना दोष देता येत नाही.

पहिल्या महायुद्धात शहराला जखमी कधी नव्हे इतक्या संख्येने आणि जवळून दिसले. मेसोपोटेमियाच्या आघाडीचा भारतातला मुख्य तळ मुंबईच होता. बांधून झालेले पण अजून न उघडलेले प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम लष्करी इस्पितळासाठी वापरले गेले. त्याचे संग्रहालय म्हणून उद्घाटन थेट १९२२मध्ये झाले. मेसोपोटेमियातल्या नदीच्या बोटींवर दिवसेंदिवस मलमपट्टीविना पडून राहिलेल्या जखमींचे हाल इतके झाले, की ब्रिटिश सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १९१७मध्ये त्याचा अहवाल आला. त्याच आघाडीवर कूतला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी अडकल्या होत्या. जवळजवळ पाच महिन्यांच्या उपासमारीनंतर २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली, आणि सातारा-रत्नागिरीकडचे शिपाई वाळवंटातून तुर्कांच्या छावण्यांकडे चालवत नेले गेले. वाटेत बरेच मेले. युद्ध संपल्यावर परतलेल्यांकडे सांगण्यासारखे पुष्कळ होते, ऐकायला बसलेले कोणी नव्हते.

हात-पाय गमावलेल्यांसाठी मात्र एक चांगले काम मुंबईतच सुरू झाले. गव्हर्नरची पत्नी लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने १९१७मध्ये अपंग सैनिकांसाठी क्वीन मेरीज तंत्रशाळा निघाली. माणसाला नुसती पेन्शन देऊन घरी बसवायचे नाही, त्याच्या हाताला शिवणयंत्र किंवा इंजिन द्यायचे, ही त्यामागची दृष्टी होती. १९२२मध्ये शाळा खडकीला गेली आणि तिथे ती आजही चालू आहे. तुटलेल्या अंगाचा विचार इतका नेमका झाला. तुटलेल्या मनासाठी तेव्हा ठाण्याच्या वेड्यांच्या इस्पितळापलीकडे फारसे काही नव्हते, आणि तिथे नाव लागलेला माणूस गावाला कायमचा परका होई.

गिरणगावात आधाराची दुसरी एक रीत होती. तिची सरकारदरबारी नोंद नाही, पण तिचे मोल मोठे. लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या चाळींत गावकरी मंडळांच्या खोल्या असत. दहा बाय बाराच्या जागेत एकाच गावचे वीस-पंचवीस गडी राहायचे. भिंतीला खुंट्या, खुंटीखाली पत्र्याची ट्रंक, ट्रंकेवर गुंडाळलेली वळकटी; पाळी संपवून आलेला झोपायचा आणि उठलेला गिरणीत जायचा. जेवण खानावळवालीकडे. फौजेतून सुटून कामाच्या शोधात मुंबईला आलेला माणूस आधी या खोलीत टेकायचा. पहिल्या पगारापर्यंत कोणी भाडे मागत नसे, गिरणीत चिकटवण्यासाठी गाववालाच कामगार नेमणाऱ्या जॉबरकडे शब्द टाकायचा. मुख्य म्हणजे तिथे माणूस एकटा पडत नसे. रात्री दचकून उठणारा, दारूकडे वळलेला, बोलणे बंद केलेला, असा गडी चार जणांच्या डोळ्यांसमोर असायचा. हा उपचार नव्हता, पण पाळत होती, आणि आत्महत्या टाळण्यात पाळतीचे महत्त्व आजचे मानसोपचारही मानतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर घरी परतण्याचा प्रश्न रस्त्यावर आला. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी ‘तलवार’ या तळावर सुरू झालेल्या नौसैनिकांच्या उठावाच्या मागण्यांत चांगले अन्न आणि मानाची वागणूक यांबरोबर सेवामुक्तांना शांततेच्या काळात रोजगार मिळावा हीही होती. नौसैनिकांसाठी लोकांनी अपोलो बंदरावर जेवण पोहोचवले. २२ तारखेला गिरण्या बंद पडल्या, आणि परळ-लालबागेत लष्कराच्या गोळ्या चालल्या. परळला कमल दोंदे या कार्यकर्तीचा बळी गेला; शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली. उठाव संपल्यावर शेकडो नौसैनिकांना नोकरीतून काढून गावी धाडण्यात आले. त्यांना स्वातंत्र्यसैनिक म्हणून मान्यता मिळायला पाव शतकाहून अधिक काळ गेला. कुलाब्यातले उठावाचे स्मारक २००१मध्ये उभे राहिले, तोवर त्यांतले बरेच जण हयात नव्हते.

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या मोडल्या आणि गावकऱ्यांच्या खोल्यांचा तो आधारही विरळ झाला. आता पस्तिशी-चाळिशीत निवृत्त झालेला जवान गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरच्या दारावर सुरक्षारक्षक म्हणून दिसतो. माजी सैनिकांना अशी कामे मिळवून देण्यासाठी राज्याचे ‘मेस्को’ हे महामंडळ आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये आहेत, २००३पासून आरोग्य योजनाही आहे. बारा तासांची पाळी एकट्याने काढणाऱ्या या माणसाशी बोलायला मात्र कोणी नसते.

जुलै २०२२मध्ये केंद्र सरकारने संसदेत सांगितले, की मागील ५ वर्षांत तिन्ही दलांतल्या ८१९ जणांनी आत्महत्या केल्या. त्यांतले ६४२ लष्करातले. हा आकडा सेवेतल्यांचा. माजी सैनिकाची आत्महत्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यांत ‘निवृत्त’ किंवा ‘नोकरदार’ अशा एखाद्या रकान्यात मिसळून जाते. त्यांचे स्मरण करायचे तर आधी त्यांची वेगळी मोजणी व्हायला हवी.

कायदा मात्र बदलला. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली आहे असे मानून त्याची काळजी घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते जुने कलम ३०९ राहिलेले नाही. ‘टेलि मानस’ ही विनामूल्य सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालते आणि तिच्यावर मराठीतही बोलता येते. सेनादले आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष डिसेंबर २०२३मध्ये पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात सुरू झाला.