पाण्याचा जमाखर्च आणि त्याचें चित्र

घरच्या जमाखर्चाची वही आपल्यापैकीं पुष्कळ जण लिहितात. परंतु महिनाअखेर शिल्लक कां उरली नाहीं, हें त्या आंकड्यांच्या रांगांकडे पाहून किती जणांस चटकन उमजतें? आंकडा बोलतो खरा, पण त्याला बोलतें करावें लागतें. आलेखाची कला याच गरजेंतून वाढली. आज संगणकावर कळ दाबतांच आयता आलेख मिळतो, त्यामुळें ही मूळ गरज विसरण्याचा संभव आहे. म्हणून अहिल्यानगर, म्हणजे २०२४ पर्यंतचें अहमदनगर, या जिल्ह्याच्या निमित्तानें तिचा थोडा मागोवा घेऊं.

आरंभ मात्र दूर देशीं करावा लागेल. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थानें १७८६ सालीं लंडन येथें व्यापारविषयक आलेखांचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांतील आलेख बहुतेक रेषांचे होते. आडव्या आंखावर वर्षें, उभ्या आंखावर पैसा. स्कॉटलंडच्या व्यापाराची पाळी आली तेव्हां त्याच्याजवळ एकाच वर्षाचे आंकडे होते. एका वर्षाची रेषा काढावी कशी? त्यानें प्रत्येक देशासाठीं आयात-निर्यातीच्या लहानमोठ्या पट्ट्या काढल्या. आजच्या स्तंभालेखाचा हा आद्य नमुना. नाविन्याची हौस म्हणून तो निघाला नाहीं. हातची सामग्री जुन्या सांच्यांत बसेना, म्हणून सांचा बदलावा लागला.

आतां आपल्या जिल्ह्याकडे वळूं. प्रवरेवरील भंडारदरा धरण १९२६ सालीं पुरें झालें आणि कालव्यांनीं उत्तर भागाचें रूप पालटलें. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची मोजदाद पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेनें केली. धनंजयराव गाडगीळ यांचा तो अहवाल १९४८ सालीं प्रसिद्ध झाला. कालव्यानें किती मिळालें, हा तेथील प्रश्न. ज्या गांवांना कालवाच नाहीं, त्यांचा प्रश्न निराळा: आभाळांतून पडेल तेवढ्यांत भागवावें कसें?

नगर तालुक्यांतील हिवरे बाजार हें असेंच एक गांव. येथें वर्षाला सुमारें ४०० मिलिमीटर पाऊस, कधीं त्याहूनही कमी. १९९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. पुढें आदर्श गांव योजनेंत बांधबंदिस्ती, समतल चर, वृक्षलागवड झाली. सिंचनासाठीं कूपनलिका नको, उसासारखें तहानलेलें पीक नको, असे निर्बंध गांवानें स्वतःवर घालून घेतले. २००४ पासून भूजल खात्याच्या साह्यानें पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडण्याची प्रथा पडली, आणि त्यावरून कोणतें पीक घ्यावें हें ग्रामसभेंत ठरूं लागलें.

हा हिशेब फार अवघड नाहीं. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. गांवाचें क्षेत्र सुमारें ९७६ हेक्टर. तेव्हां १०० मिलिमीटर पडला कीं जमेला ९७ कोटि ६० लक्ष लिटर. खर्चाच्या बाजूस वाहून गेलेलें, वाफ झालेलें, माणसांचें, गुरांचें, पिकांचें.

अशा ताळेबंदाला चित्ररूप द्यावयाचें तर कोणता आलेख घ्यावा? १९७९ सालीं व्हिजिकॅल्क आलें, १९८३ सालीं लोटस वन-टू-थ्रीनें कोष्टकाला आलेखाची जोड दिली, १९८५ सालीं एक्सेल आलें. परंतु त्यांच्या नेहमींच्या स्तंभांत प्रत्येक खर्च शून्यापासून उभा राहतो. एकामागून एक शिल्लक कशी ओसरते, हें दिसत नाहीं. यावर वापरणारांनींच एक युक्ति काढली. समजा, जमा १००. त्यांतून वाहून गेले २०, वाफ झाली ४०, पिण्यास ५, पिकांस २५, उरले १०. कोष्टकांत खर्चाशेजारीं ‘आधार’ नांवाचा आणखी एक रकाना घालावा आणि त्यांत खर्चानंतरची शिल्लक लिहावी: ८०, ४०, ३५, १०. मग एकावर एक रचलेल्या स्तंभांचा आलेख काढून आधाराचा रंग काढून टाकावा. खर्चाचे तुकडे हवेंत तरंगत पायरीपायरीनें खालीं उतरतात! एक्सेलच्या २०१६ च्या आवृत्तींत हाच प्रकार ‘वॉटरफॉल’, म्हणजे धबधबा, या नांवानें आयता मिळूं लागला.

एक सावधगिरी मात्र अवश्य हवी. उभा आंख शून्यापासूनच सुरू करावा. कोणीं तो ३० पासून धरला, तर उरलेल्या १० चा स्तंभ मुळीं दिसणारच नाहीं. पाणी आहे कीं नाहीं, हें चित्र पाहून रब्बीचा निर्णय घेणाऱ्याला ही चूक विहिरीच्या तळाशींच कळेल.

प्लेफेअरला आंकडे अपुरे पडले, दुष्काळी गांवाला पाणी अपुरें पडलें; तरी दोहोंपासून घेण्याचा बोध एकच. यंत्र सांचा पुरवील, प्रश्न पुरविणार नाहीं. आपणांस नेमकें काय जाणून घ्यावयाचें आहे हें आधीं ठरवावें, आणि आलेख त्याच्या मापानें बेतावा. घरच्या वहीसही हाच नियम लागू आहे.