शरणपूरचा जेकब

जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ (१८७३) शिकवताना आम्ही अर्पणपत्रिकेपाशी हमखास थांबतो. निग्रो गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांना ती अर्पण केलेली. मग लिंकन येतो, यादवी युद्ध येते. नाशिककडे मात्र आम्ही विद्यार्थ्यांचे लक्ष कधी वेधले नाही.

नाशिकचा शरणपूर रोड सर्वांना ठाऊक आहे. तेथे चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ मध्ये ख्रिस्ती वसाहत वसवली. ब्रिटिश आरमार गुलामांची गलबते पकडी व सुटलेल्यांपैकी अनेकांना मुंबईस उतरवी. त्यांतील कित्येक मुले शरणपुरात लिहिणे-वाचणे आणि सुतारकी-लोहारकी शिकली.

पूर्व आफ्रिकेतील याओ जमातीचा जेकब वेनराइट त्यांपैकीच एक. १८७२ मध्ये शरणपूरच्या आणखी पाच तरुणांसह तो लिव्हिंग्स्टनच्या मदतीस गेला. मे १८७३ मध्ये, म्हणजे ‘गुलामगिरी’ची प्रस्तावना लिहिली जात होती त्याच सुमारास, लिव्हिंग्स्टन वारला. त्याचे हृदय जेथे पुरले तेथे प्रार्थना वाचली ती जेकबने. झाडावर नाव कोरले तेही त्यानेच. सोबत्यांनी मृतदेह कित्येक महिने चालत किनाऱ्यावर आणला. एप्रिल १८७४ मध्ये त्यासोबत जेकब इंग्लंडला पोहोचला, वेस्टमिन्स्टर ॲबेतील अंत्ययात्रेत शवपेटीच्या मानकऱ्यांत चालला. त्याच्या प्रवासाचा खर्च सोसायटीने उचलला होता. पुढे तिने त्याला ठिकठिकाणच्या सभांत बोलावयास उभे केले.

सभांना ओढ होती ती डॉक्टरांच्या मृत्यूच्या हकिकतीची. सोसायटीला हवे होते पूर्व आफ्रिकेतील दास्यमुक्तांसाठी साहाय्य. १८७५ मध्ये मोंबासाजवळ प्राइस यांनीच ‘फ्रीअरटाउन’ वसवले; नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रीअर यांचे, आणि वसाहतीच्या उभारणीत राबणारे बरेचसे मुंबई-नाशिककडून परतलेले आफ्रिकी. जेकबनेही तेथे काही काळ काम केले. १८९२ मध्ये तो वारला.

त्याची इंग्रजी रोजनिशी आज वाचावयास मिळते. एका दास्यमुक्ताचे हे लेखन, परंतु त्यात वृत्तांत आहे तो गोऱ्या प्रवाशाच्या मृत्यूचा व त्याचा देह वाहून नेण्याचा. ज्याने ते लिहिले त्याच्या गुलामीचा नव्हे. लोकांनी त्याला विचारले तेवढेच त्याने सांगितले असावे, असे आम्हांस वाटते. फ्रेडरिक डग्लसला स्वतःची कहाणी व्यासपीठावरून सांगता आली. जेकबच्या वाट्याला दुसऱ्याचीच आली. यंदा अर्पणपत्रिकेच्या तासाला आम्ही या रोजनिशीची काही पाने वर्गात नेणार आहोत.