तेवीस वर्षे की दोन?

भोपाळच्या युनियन कार्बाइडचे नाव घेतले की डिसेंबर १९८४ची रात्र आठवते. त्या आवारातील मातीत मुरलेल्या विषाची हकिगत मात्र वायुगळतीच्या आधीपासूनची आहे. १९९९मध्ये न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयात दावा दाखल झाला आणि त्यात कंपनीला आपले अंतर्गत कागद हजर करावे लागले, म्हणून ती आज जुळवता येते.

कारखाना १९६९मध्ये सुरू झाला. रासायनिक कचरा १९८४पर्यंत आवारातच टाकला जाई. १९७७पासून सांडपाणी उत्तरेकडच्या बाष्पीभवन तलावांत सोडले जाऊ लागले. १९८२च्या वसंतातील टेलेक्समध्ये तलाव गळत असल्याबद्दल चिंता नोंदलेली आहे. म्हणजे ही खबर वायुगळतीच्या अडीच वर्षांहून अधिक काळ आधीची.

त्यानंतरचा महत्त्वाचा कागद १९८९चा आहे. जून-जुलैमध्ये भरावाच्या जागा आणि सांडपाण्याचे खड्डे येथून ९ घन व ८ द्रव नमुने घेतले गेले. घन नमुन्यांत सेंद्रिय रसायनांचे प्रमाण १० ते १०० टक्के निघाले. १०० टक्के म्हणजे माती म्हणून उचललेला तो नमुना निव्वळ रसायनच होता. बहुतेक द्रव नमुन्यांत नॅफ्थॉल किंवा सेव्हिन हे कीटकनाशक मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त सापडले. मग नमुन्यांची माशांवर चाचणी झाली. एकूण एक नमुन्यात सगळे मासे मेले.

जमिनीच्या तपासणीचे काम नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आले, तर कंपनीच्या बाजूने आर्थर डी. लिटल ही अमेरिकन सल्लागार संस्था ते पाहत होती. १९९७च्या अहवालात नीरीने माती दूषित ठरवली, पण भूजलाबाबत दिलासा दिला. विषारी द्रव्ये भूजलापर्यंत झिरपायला २३ वर्षे लागतील, असा तिचा हिशेब होता. लिटलचा शेरा वेगळा होता: परिस्थिती सर्वांत वाईट धरली, तर २ वर्षे पुरतील.

अशा हिशेबात पाणी किती खोल आहे आणि मधल्या चिकणमातीतून ते किती वेगाने झिरपते, यावर सारी मदार असते. वेगाचे गृहीतक बदलले की वर्षे बदलतात. पण २३ हा आकडा खरा मानला तरी १९६९च्या कचऱ्याची मुदत १९९२मध्येच संपत होती. अहवाल त्यानंतर पाच वर्षांनी आला.

जुलै १९९८मध्ये जमीन मध्य प्रदेश सरकारच्या ताब्यात गेली. पुढच्याच वर्षी ग्रीनपीसच्या तपासणीत भोवतालच्या वस्त्यांच्या पाण्यात कार्बन टेट्राक्लोराइड आणि क्लोरोफॉर्म आढळले. २००४मध्ये सर्वोच्च न्यायालयाला या वस्त्यांना स्वच्छ पाणी पुरवण्याचा आदेश द्यावा लागला. २०१०मध्ये नीरीनेच दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन दिला. जानेवारी २०२५मध्ये पिथमपूरला हलवलेला साठवणीतला कचरा होता ३३७ टन, म्हणजे त्या मातीच्या तीन हजाराव्या हिश्श्याहूनही कमी.

या कागदांवरून कोणाचे संगनमत सिद्ध होत नाही. न्यूयॉर्कच्या न्यायालयांनीही साफसफाईची जबाबदारी मूळ अमेरिकन कंपनीवर टाकली नाही. सिद्ध होते ते एवढेच की दिलासा देणाऱ्या आकड्यावर लेखी शंका होती, आणि ती ज्यांच्या हंडा-कळशीत हे पाणी जाणार होते त्यांच्यापर्यंत पोहोचली नाही. सल्लागार शेवटी नेमणाऱ्याला उत्तर देतो. म्हणून दूषित जमिनीसाठी त्याला नेमताना करारातच लिहून घ्यावे, की नमुन्यांच्या नोंदी, गृहीतके आणि परीक्षकांचे शेरे अहवालाबरोबरच जाहीर होतील. भोपाळच्या अहवालात २३च्या शेजारी २ छापले गेले असते, तर जमीन ताब्यात घेण्याआधी विहिरी तपासा, असा आग्रह रहिवाशांना निदान धरता आला असता.