रखमाबाईंचा नकार



यंदाच्या स्मरणिकेत जुन्या काळच्या एखाद्या कर्तबगार स्त्रीविषयी लिहावे असे बैठकीत ठरले, तेव्हा मी डॉ. रखमाबाईंचे नाव घेतले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कोर्टकचेरीची भाषा मला येत नाही. तरीही हाच विषय का घेतला, ते पुढे सांगते.

रखमाबाईंचा जन्म १८६४ सालचा, मुंबईचा. वडील लहानपणीच वारले. आई जयंतीबाई यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. त्यांच्या ज्ञातीत तशी चाल होती. अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. पण त्या नांदावयास गेल्या नाहीत. माहेरीच राहून पुस्तके वाचीत वाढल्या. पुढे १८८४ साली, ‘बायको माझी आहे, ती माझ्या घरी पाठवा,’ अशा मागणीचा दावा दादाजींनी मुंबईच्या हायकोर्टात लावला. रखमाबाई तेव्हा जेमतेम विशीच्या होत्या. अजाण वयात, आपल्याला न विचारता झालेल्या लग्नापायी या माणसाच्या घरी आपण जाणार नाही, असे त्यांनी निश्चयाने सांगितले.

१८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. त्यावरून फार काहूर उठले. धर्म बुडाला, मुली शिकल्या की अशाच व्हायच्या, असे म्हणणारे पुष्कळ निघाले. लोकमान्य टिळकांसारख्या थोर पुरुषाचे मतही त्यांच्या विरुद्ध होते. बेहरामजी मलबारींसारखे सुधारक मात्र पाठीशी उभे राहिले. दादाजींनी अपील केले. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, महिन्याच्या आत नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखविली. आपल्यापैकी कितीजणींची छाती झाली असती? अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी तडजोड केली. १८८९ साली रखमाबाई विलायतेस गेल्या, १८९४ साली डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरतेस व राजकोटास त्यांनी अनेक वर्षे स्त्रियांची सेवा केली. १९५५ साली त्या वारल्या.

हे वाचून मी पुस्तक मिटले आणि मला माझ्या भाचीची आठवण झाली. (तिला विचारूनच लिहीत आहे.) ती अकरावीसाठी माझ्याकडे राहावयास आली. वर्गातल्या एका मुलाशी मैत्री झाली. आरंभी सगळे गोड होते. मग तो मोबाईल तपासू लागला. कोणाशी बोललीस, कोठे गेलीस, याचा हिशेब मागू लागला. तिने मैत्री तोडतो म्हणताच त्याने तिचे मनगट असे पिरगाळले की निळा वळ उठला. तो वळ पाहून मी काय म्हणाले असेन? ‘तू आधी बोललीसच कशाला?’ त्यानंतर महिनाभर पोर गप्प राहिली. एके रात्री भांडी विसळता विसळता म्हणाली, ‘मावशी, एकदा बोलले म्हणजे मी त्याची झाले का गं?’

मी निरुत्तर झाले. रखमाबाईंनी कोर्टाला याहून वेगळे काय विचारले होते? तेथे मंगळसूत्राचा हक्क सांगितला जात होता, येथे प्रेमाचा. आणि त्या काळी नावे ठेवणाऱ्या लोकांत मीच जाऊन बसले होते! दुसऱ्या दिवशी मी कॉलेजात जाऊन बाईंना भेटले, मुलाच्या आईलाही भेटले. ती माउली म्हणाली, ‘अहो, त्याचा जीव आहे तिच्यावर.’ मी म्हटले, ‘जीव असता तर वळ उठला नसता.’ तिलाही ते पटले. मुलाला समज मिळाली आणि त्रास थांबला.

कायदाही हळूहळू बदलत गेला. १८९१ साली संमतीचे वय दहावरून बारा झाले. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले, १९७८ साली ते अठरा झाले. २०१३ पासून तर मुलीने स्पष्ट नकार दिल्यावरही तिच्या मागे लागणे, मग ते रस्त्यावर असो की मोबाईलवर, हा गुन्हा ठरला आहे. १८८७ साली ज्या नकाराला तुरुंगाची धमकी मिळाली, त्याच नकाराच्या पाठीशी कायदा उभा राहावयास सव्वाशे वर्षे लागली.

परंतु कायदा स्वयंपाकघरात येत नाही. तेथे आपणच असतो. मुलगी काही सांगू लागली तर आधी ऐकून घ्यावे, दोष देऊ नये, तिचे शिक्षण बंद करू नये. मुलग्यालाही शिकवावे की ‘नाही’ ऐकण्यात कमीपणा नाही. राग, पाळत आणि धाक यांना प्रेम म्हणत नाहीत. माझ्या चौदा वर्षांच्या मुलाला मी रखमाबाईंची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, ‘आई, तिला आधी कोणी विचारलंच नव्हतं?’ एवढे त्याला कळले, याचे मला समाधान वाटले. प्रकरण आपल्या आवाक्याबाहेरचे असेल तर मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. ते प्रत्येकीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावेत.

रखमाबाईंच्या पाठीशी त्यांचे माहेर होते, म्हणून त्या टिकल्या. आपल्या आळीतल्या प्रत्येक मुलीला आपले मंडळ माहेरासारखे वाटावे, एवढीच वर्धापनदिनी माझी इच्छा आहे.