व्यायाम-नोंदी सेवांमधील ओऑथ अधिकृतता

ओऑथ ही एका सेवेतील आपली माहिती दुसऱ्या संगणकप्रणालीला पासवर्ड न सांगता, मर्यादित स्वरूपात उपलब्ध करून देण्याची खुली प्रमाणपद्धती आहे. धावणे, सायकल चालवणे यांसारख्या व्यायामांच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा (स्थापना २००९) या सेवेशी अन्य ॲप याच पद्धतीने जोडली जातात. वापरकर्त्याच्या वतीने कामे करणारे कृत्रिम बुद्धिमत्तेवरील एजंट (एआय एजंट) जोडण्यासाठीही हाच मार्ग आहे.

पार्श्वभूमी

ओऑथपूर्वी दुसऱ्या ॲपला माहिती देण्यासाठी बहुधा पासवर्डच द्यावा लागे. त्यामुळे संपूर्ण खाते खुले होई आणि दिलेली मुभा काढून घेण्यासाठी पासवर्ड बदलावा लागे. ओऑथची पहिली आवृत्ती २००७ मध्ये तयार झाली. सध्या प्रचलित असलेली ओऑथ २.० ही आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये ‘आरएफसी ६७४९’ या दस्तऐवजाद्वारे प्रसिद्ध झाली. एआय प्रणालींना बाह्य सेवांशी जोडणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल अँथ्रोपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केला. त्याच्या मार्च २०२५ मधील आवृत्तीत ओऑथवर आधारित अधिकृततेचा समावेश झाला.

कार्यपद्धती

ॲप तयार करणारा प्रथम स्ट्राव्हाकडे नोंदणी करून ओळखक्रमांक व गुप्त संकेत मिळवतो. एजंटला जोडणारे साधन वापरकर्त्याच्या ब्राउझरमध्ये स्ट्राव्हाचे परवानगीपृष्ठ उघडते. वापरकर्ता तेथेच लॉगिन करतो, त्यामुळे पासवर्ड एजंटपर्यंत पोहोचत नाही. संमती मिळताच स्ट्राव्हा ठरलेल्या पत्त्यावर अल्पकाळ टिकणारा संकेत पाठवते. साधन वापरकर्त्याच्याच संगणकावर चालत असल्यास हा पत्ता त्या संगणकाचा असू शकतो. हा संकेत देऊन साधन दोन टोकन मिळवते. ॲक्सेस टोकनने नोंदी वाचता येतात. त्याची मुदत सहा तास असते. मुदत संपल्यावर रिफ्रेश टोकन वापरून नवे ॲक्सेस टोकन घेतात. त्या वेळी नवे रिफ्रेश टोकन मिळाल्यास जुने निरुपयोगी होते. म्हणून साधनाने नेहमी अखेरचे टोकन जपून ठेवणे आवश्यक असते. टोकन ज्याच्या हाती पडेल तो ते वापरू शकतो, त्यामुळे ते पासवर्डइतकेच गुप्त ठेवावे लागते.

परवानगीच्या कक्षा

वापरकर्ता कशाची मुभा देतो हे ‘स्कोप’ म्हणजे परवानगीची कक्षा ठरवते. स्ट्राव्हावर ‘ॲक्टिव्हिटी:रीड’ या कक्षेत सर्वांना वा अनुयायांना दिसणाऱ्या नोंदी येतात. गोपनीय क्षेत्रातील माहिती वगळली जाते. ‘ॲक्टिव्हिटी:रीड_ऑल’ या कक्षेत मात्र केवळ स्वतःसाठी राखलेल्या नोंदी आणि गोपनीय क्षेत्रातील माहितीही समाविष्ट असते. नोंदी घालण्यासाठी व बदलण्यासाठी ‘ॲक्टिव्हिटी:राइट’ ही कक्षा स्वतंत्र आहे.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण व्यायामाच्या नोंदीत बहुधा घराचा ठावठिकाणा दडलेला असतो. कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधील चिंचोळ्या भूपट्टीवर वसलेल्या देवबाग (ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग) येथे कोणी रोज घरापासून धावण्यास सुरुवात केली, तर त्या मार्गाच्या आरंभबिंदूवरून घर सहज ओळखता येईल. स्ट्राव्हाने नोव्हेंबर २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशात व्यक्तींची नावे नव्हती. तरीही त्यातून लष्करी तळांच्या जागा उघड होत असल्याचे जानेवारी २०१८ मध्ये लक्षात आले. आठवड्याचे एकूण अंतर सांगण्यासाठी एजंटला मर्यादित कक्षा सहसा पुरेशी असते.

मर्यादा

ओऑथ माहिती कोणाला मिळेल हे ठरवते. मिळालेल्या माहितीचा पुढील वापर त्याच्या नियंत्रणाबाहेर असतो. वापरकर्ता खात्याच्या सेटिंगमधून ॲपची परवानगी रद्द करू शकतो, परंतु आधी एजंटकडे गेलेली माहिती त्यामुळे परत येत नाही. शिवाय वापरकर्त्याची संमती असली तरी सेवेच्या अटी लागू राहतात. स्ट्राव्हाने नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या अटी बदलून तिच्याकडून मिळालेली माहिती एआय प्रारूपांच्या प्रशिक्षणासाठी वापरण्यास ॲपना मनाई केली.

भारतातील कायदा

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि निःसंदिग्ध असावी लागते. संमती मागे घेणे हे ती देण्याइतकेच सुलभ असावे, अशीही तरतूद आहे. व्यक्तीने स्वतःच्या वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी केलेली प्रक्रिया या अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहे.